‘आवाज’चा खरा पत्ता

मित्रांनो, मी संगणकातील एक जुनी आज्ञा आहे. पीडब्ल्यूडी हे माझे नाव. मला कुणी टाइप केले, की तो कोणत्या फोल्डरमध्ये उभा आहे एवढेच मी सांगते. पडद्यावर चित्रे नव्हती, तेव्हापासून माझे हेच काम.

माझी सर्वांत लाडकी मालकीण रेडिओवरच्या नाटकांसाठी आवाज तयार करायची. चाळणीत वाटाणे फिरवले की पाऊस, पत्रा हलवला की गडगडाट! तिचे सारे आवाज एका जुन्या डिस्कवर होते. मुलांना त्या डिस्कमध्ये खोलवर शिरावे लागू नये, म्हणून तिने घरच्या फोल्डरमध्ये ‘आवाज’ नावाची लिंक करून ठेवली होती. दार इथे, खोली तिकडे.

‘कुठे आलेय गं मी?’ असे पुटपुटत ती मला बोलवायची. माझी एक खोड तिला ठाऊक होती. दारातून आलेल्याला मी दाराचाच पत्ता सांगते. माझ्या नावापुढे आडवी रेघ आणि मोठा पी जोडला, तरच खोलीचा. म्हणून ती हसून पुन्हा विचारायची, ‘आता खरं सांग.’

ती गेली. मग कित्येक महिने मला कुणी हाक मारली नाही. एके सकाळी तिची लेक आणि धाकटा मुलगा खोली आवरायला आले.

‘ताई, ही जुनी डिस्क पुसून टाकतो. नुसती खडखडतेय.’

‘आणि आईचे आवाज?’

‘ते घरच्या फोल्डरमध्ये आहेत की! बघ हवं तर.’

ताईने ‘आवाज’ उघडून मला विचारले. मी सवयीने घरचाच पत्ता दिला.

‘बघ! उगाच घाबरतेस.’

माझा जीव टांगणीला लागला. विचारल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही!

‘थांब रे. आई दोनदा विचारायची.’

तिने मोठा पी जोडला, आणि मी खणखणीत उत्तर दिले: जुनी डिस्क!

भावाने डिस्कवरचा हात झटकन मागे घेतला. ‘ताई, मी आत्ता आईलाच पुसणार होतो.’

‘आधी कॉपी कर, गाढवा.’

नव्या डिस्कवर सगळे उतरल्यावर त्यांनी एक फाइल लावली. गडगडाट झाला, पत्रा धाडकन पडला आणि आई खो खो हसली. पाठोपाठ ती दोघेही.

मित्रांनो, काहीही पुसण्याआधी मला जरूर विचारा, आणि ‘खरं सांग’ म्हणायला विसरू नका. मला कामाचा कंटाळा नाही. हल्ली तर ताई रोज येते, खुर्ची ओढते आणि पुटपुटते, ‘कुठे आलेय गं मी?’