घोरपडीला मरू द्या

महानंदा आत्यानं भर थिएटरात निर्मात्याला त्याच्याच कारखान्याच्या चादरीत गुंडाळलं आणि वरून दोन गाठी मारल्या. असं काही झालेलं नाही. आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये या विषयावर कुणी बोलत नाही, म्हणजे झालेलं नाही.

आत्या अंगणवाडीतून निवृत्त झाली. तिनं आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, सात पंखांच्या घोरपडीची. दुष्काळात घोरपड स्वतःचा एकेक पंख उपटून गावावर सावली धरते आणि सातवा देऊन मरते. पान दोनशे बारा. त्या पानावर रडलेली पोरं आता सरकारी टेबलांवर बसून लोकांना रडवतात, पण घोरपडीचा विषय निघाला की अजून नाक पुसतात. मीही पुसतो.

चादरीवाल्या चनबसप्पाशेठना त्यावर सिनेमा काढायचा होता. आत्याची अट एकच, "घोरपड मेली पाहिजे."

"मरंल की, ताई. तुमी बिनघोर ऱ्हावा."

पहिल्या खेळाआधी शेठनी आत्याचा चादर देऊन सत्कार केला. मध्यंतरापर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम. तीन पंख गेले. आत्यानं पदर डोळ्यांजवळ आणून ठेवला.

मध्यंतरानंतर तिसरा पंख परत उगवला. मग दुसरा. मग पहिला. गावकरी उलट्या पावलांनी घरी गेले. सरपंचानं बुजवलेली विहीर स्वतःच उकरली. शेवटी घोरपड सातही पंख मिटून अंड्यात शिरली, अंडं सांधलं, सनई वाजली. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

आत्या शेठच्या खुर्चीशी गेली. "पुस्तक किती वाचलंत?"

"अर्धं." शेठ शांत. "चादरीची नक्षी अर्धीच काढत्यात, ताई. उरलेली मागावर तीच उलटी येती. चाळीस वर्सं धंदा हाय, एका गिऱ्हाइकानं विचारलं न्हाय, दुसरं अर्धं कुटं गेलं म्हणून."

"आणि मरण?"

"ते दुसऱ्या अर्ध्यात आसंल की."

मागच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, "पुस्तकात मरते होय? बरं झालं वाचलं नाही."

सत्काराची चादर आत्याच्या हातातच होती. पुढचं झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्यानं सांगितलं आणि मी टाइप केलं:

"प्रति, मा. जिल्हाधिकारी, सोलापूर.
विषय: घोरपडीच्या मृत्यूबाबत.
महोदय, सदर चित्रपटातील घोरपड अंड्यातून बाहेर काढून, तिचे सातही पंख पंचांसमक्ष उपटून, पान क्र. २१२ प्रमाणे ती मृत झाल्याचा दाखला अर्जदारास सात दिवसांत देण्यात यावा, ही विनंती. तसेच प्रस्तुत अर्ज अर्धाच वाचून उरलेला उलटा समजण्यात येऊ नये."