नारळी पुनवेपर्यंत

विश्राम अर्जनवीसाने टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. आनंदीने मोठ्या हौसेने दिलेली लेकीच्या लग्नाची सुपारी त्याच्या पेटीवर पडून होती.

"वैशाखात लगीन? मग वहिनी, पुढच्या साली माडांच्या मक्त्यावर तुमचा अंगठा चालायचा नाय."

पालघरच्या कचेरीबाहेर या चिंचेखाली ती अकरा वर्षं दर चैत्रात येत होती. नवऱ्याने मरताना तारापूरची नारळाची वाडी जमनाच्या नावे लिहून ठेवली होती. जमना अज्ञान, म्हणून अंगठा आईचा. विश्रामने सगळं फोड करून सांगितलं. लग्न झालेली पोर अठराच्या आत असली, तर कायद्याने तिचा पालक तिचा नवरा. मक्ता तोच देणार, वाडी विकायची तर कोर्टात अर्जही तोच करणार. आई मोकळी.

मोकळी! अकरा वर्षं कळशीकळशीने पाणी घालून जिने माड जगवले, ती मोकळी! आनंदीच्या अंगाचा तिळपापड झाला. सतराच्या पोरीला एक नारळ विकायची अक्कल नाही म्हणणारा कायदा, तिच्या गळ्यात जन्माचं दावं बांधताना कुठे जातो, असं तिने तोंडावर विचारलं. विश्राम म्हणाला, कायदा मी लिहीत नाही, मी अर्ज लिहितो.

परतीच्या वाटेवर तिला एकेक आठवू लागलं. स्थळ आणलं होतं दिराने, शांतारामने. त्याआधी दोनदा वाडी विकायची गोष्टही त्यानेच काढली होती. अणुवीज केंद्राचं काम निघालंय, जमिनीला भाव आलाय, गिऱ्हाईक दारात उभं आहे. दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. पंधरवड्यात हा सोयरीक घेऊन हजर. मुलाची आजी आजारी, तिला नातसून बघायचीय, म्हणून घाई. पण भावाच्या तिरडीपाशी धाय मोकलून रडलेला माणूस असं करेल? तिचं मन मानेना.

संध्याकाळी शांताराम मुहूर्ताचा कागद घेऊन ओटीवर बसला. जमनाने चहा आणून दिला. आनंदी म्हणाली, लगीन तुळशीच्या लग्नानंतर करू, मी नवस बोललेय.

त्याचा कप बशीवर आदळला.

"तवर पोरगी अठराची व्हईल, वयनी."

"हां, नारळी पुनवेला. अठराची नवरी काय वाईट?"

आनंदी थांबली, त्याला पुरेसा वेळ दिला.

"आजी आजारी हाय ना, भावजी? तिची आठवण नाय झाली तुमाला."

शांताराम कागदाच्या घड्या घालत राहिला. मेल्याला नजर वर करवेना.

जमना आत गेली आणि साखरपुड्याचं हिरवं लुगडं घेऊन आली. अजून घडीही मोडली नव्हती. तिने ते काकाच्या मांडीवर ठेवलं.

"त्यांना सांगा, मला न्यायचंच असंल तर नारळी पुनवेनंतर या."

नारळी पुनव झाली, तुळशीचं लगीन झालं. तिकडून कोणी आलं नाही.

पुढच्या चैत्रात विश्रामने मक्त्याचा कागद पुढे सरकवला. जमनाने सावकाश, एकेक अक्षर गिरवत सही केली. आनंदीने सवयीने शाईकडे नेलेला अंगठा मागे घेतला आणि कोराच पदराला पुसला.