आधी काटी

एक्स्चेंजला दुपारी डुलकी लागते, असं गावात म्हणत. डुलकी कसली! चालू फोन मध्येच तुटायचे आणि शिव्या मला पडायच्या. केजच्या पुढच्या एका गावात, १९९४ साली, त्या शंभरेक नंबरांच्या टेलिफोन एक्स्चेंजचा इंजिनिअर मी होतो.

दोष प्रोग्रामात होता. तो सापडायला, प्रत्येक फोन कुठल्या वाटेनं जातो हे टिपणारा तुकडा प्रोग्रामात घुसवायला हवा होता, तोही यंत्र चालू असताना. बंद करून सुरू केलं की दोष आठ दिवस तोंड लपवायचा. नुसता सोंगाड्या!

एकदा मी ते करून पाहिलं होतं. त्या जागचा जुना हुकूम तीन बाइटांचा, म्हणजे तीन आकड्यांचा, नवाही तीनच बाइटांचा. पण टर्मिनलवरून एका वेळी एकच बाइट बदलता येई. पहिला बदलला आणि दुसऱ्याला हात घालेपर्यंत कुणाचा तरी फोन तिथून गेला. अर्धा नवा, अर्धा जुना हुकूम वाचून यंत्र भलतीकडेच भरकटलं. एक्स्चेंज चाळीस मिनिटं बंद पडलं.

त्याच चाळीस मिनिटांत आमच्या लाइनमनच्या, आश्रुबाच्या भावाला, शहादेवला, शेतात साप चावला. केजहून जीप बोलवायला फोन लागला नाही. शहादेवनं वाटेत बैलगाडीतच जीव सोडला.

"वरूनच लाइन गेली होती," असं मी सगळ्यांना सांगितलं. आश्रुबालाही सांगितलं. लाज आजही वाटते.

आठ महिन्यांनी फोन फारच तुटायला लागले. मी टर्मिनलसमोर बसलो, पण बोट काही चालेना. आश्रुबा बॅटऱ्यांत पाणी घालत होता.

"काय अडलंय, साहेब?"

ताकाला जाऊन भांडं लपवत मी म्हणालो, "समजा, चालू वाट बदलायचीय. येणारे-जाणारे तर थांबवता येत नाहीत."

"त्यात काय? गाडीवाट खांदायची आसली तर आमी आदी तोंडाला काटी लावतो. बोराटीची एक फांदी बास. ती दिसली की माणूस बांधावरनं वळसा घेतो. आत गेलेली गाडी निघू द्यायची, मंग खांदायचं. काटी समद्यात शेवटी काढायची."

मी बघतच राहिलो. यंत्राला एका बाइटचा एक हुकूम ठाऊक होता: थांब, बाजूनं जा. एकच बाइट, म्हणजे अर्धवट राहायचा प्रश्नच नाही. बाजूच्या वाटेवर जुनं काम करून फोन पुढे सोडायची सोय केली. मग पहिल्या बाइटवर काटी लावली. आत असलेले फोन निघून जाऊ दिले. दुसरा बाइट बदलला, तिसरा बदलला. शेवटी काटी काढून पहिला बाइट बसवला. पॅनेलवरचे दिवे लुकलुकतच होते, आणि प्रिंटरच्या कागदावर फोनांच्या वाटा उमटू लागल्या.

"तुटला का कुनाचा फोन?" आश्रुबानं विचारलं.

"एकही नाही."

त्यानं बॅटरीचं बूच घट्ट केलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मागल्या खेपंला काटी लावली नव्हती, न्हाई का साहेब?"

वरच्या लाइनचं नाव पुन्हा घेणं मला जमलं नाही.

"नव्हती लावली."

आश्रुबानं मान हलवली आणि पाण्याचा कॅन उचलला. दोन बॅटऱ्या राहिल्या होत्या. त्या त्यानं भरल्या.