पत्त्याचा कागद

"ओळखीतल्या घरी राहिलं की कागद मागता येत नाही गं," पद्मिनीकाकू म्हणाल्या तेव्हा मी रुहीचा डायपर बदलत होते. मी नुसतं 'हं' केलं. काकू आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. चाळीस वर्षांपूर्वी त्या अमेरिकेत आल्या आणि पहिलं वर्ष शुगर लँडला नातलगांच्या घरी काढलं, ते अजून विसरलेल्या नाहीत. मला वाटलं, तो काळ वेगळा होता.

माझी धाकटी बहीण स्वानंदी तेव्हा शिकायला निघाली होती, नागपूरहून थेट स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला. विद्यापीठाच्या हॉस्टेलमध्ये तिला खोली मिळाली होती. ती मी सोडायला लावली, इथे रेडमंडमध्ये सोफ्यावर बसून. सिद्धेशचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, शाळेतला मित्र संग्राम तिथे राहतो. तो आणि त्याची बायको रीमा, दोघंच, आणि एक खोली रिकामी. एकटी मुलगी, परका देश, निदान वरणभात तरी मिळेल. आईबाबांनाही तेच बरं वाटलं. हॉस्टेलला वॉशिंग मशीन आहे ताई, एवढंच स्वानंदी म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं.

पहिले दोन महिने छान गेले. माझी सकाळ नऊची म्हणजे तिची संध्याकाळ सहाची. रुहीला भरवता भरवता मी तिचं शहर ऐकायचे. बरीच दुकानं दुपारी दोनला बंद होतात ती पाचला उघडतात. रविवारी काही मिळत नाही म्हणून दूध-पाव शनिवारीच आणून ठेवायचं. गॅसचा नारिंगी सिलिंडर घेऊन माणूस गल्लीत आला की बाल्कनीतून हाक मारायची. कपडे आतल्या चौकात दोरीवर वाळत घालायचे, आणि चिमटा खाली पडला तर तळमजल्यावरच्या म्हातारीकडे मागायला जायचं. ती चिमट्याबरोबर दहा मिनिटं बोलल्याशिवाय सोडत नाही.

"आणि संत्री रस्त्यावरच्या झाडांना लागतात न ताई. पण कडू. नागपूरच्या पोरीला फसवतात साले."

महिन्याभरात ती त्या शहरात एकटी कुठेही जाऊ लागली. मला चार वर्षांत इथल्या हायवेवर गाडी घालायची हिंमत झालेली नाही.

मग नोव्हेंबरात कागदाचा विषय निघाला. तिथे आपण राहतो तो पत्ता नगरपालिकेत नोंदवावा लागतो. त्यासाठी भाडेकरार, नाहीतर घरमालकाची सही. ती नोंद दाखवली की पोलिसांच्या कचेरीत परदेशी विद्यार्थ्याचं ओळखपत्र करून मिळतं. अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. स्वानंदीला मिळाली ती अकरा डिसेंबरची, व्हिसाची मुदत संपायच्या चार दिवस आधीची.

तिने संग्रामला विचारलं. तो म्हणाला, तू घरचीच, तुला कागद कशाला. पुन्हा विचारलं तर म्हणाला, बघू. तिसऱ्यांदा रीमानेच तिला स्वयंपाकघरात घेऊन सांगितलं की ते स्वतःच भाड्याने राहतात आणि त्यांच्या मालकिणीला पोटभाडेकरू चालत नाही. मालकीण यायची असली की बॅग पलंगाखाली सारून स्वानंदीने बाहेर पडायचं, हे तर पहिल्यापासून चालू होतं. मला तिने ते तेव्हा सांगितलं. मालकीण यायची ती बहुतेक रविवारीच, आणि तेव्हा लायब्ररी बंद असायची, म्हणून ती कोपऱ्यावरच्या लाँड्रीत जाऊन बसायची, नाणी टाकून मशीन चालवतात तसल्या. तिथे ऊब असते, म्हणाली, आणि कुणी उठवत नाही.

मी सिद्धेशला म्हटलं, तू बोल. मित्र त्याचा, असलं बोलणं आपल्यात त्यानेच करायचं असतं. बोलतो म्हणाला. आठवडा गेला. पुन्हा विषय काढला तर लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "यार हिमानी, त्याच्या आईने दोन वर्षं मला डबा दिलाय. त्याच्याकडे ॲग्रीमेंट मागू मी?"

म्हणून मीच फोन केला. रुही झोपली होती, बाहेर पाऊस लागला होता. संग्राम अगदी गोड बोलला.

"वहिनी, तुम्ही फार टेन्शन घेता. पोरगी आमच्याच ताटात जेवते."

"जेवणाचं नाही म्हणत मी. अकरा तारखेच्या आत तिला सही लागणार. नाही मिळाली तर मी तुमच्या मालकिणीला मेल करीन."

मालकिणीचा मेल माझ्याकडे नव्हताच. मग तो म्हणाला, "बरं. कळलं." सिद्धेशची चौकशी केली आणि फोन ठेवला. मला वाटलं, जमलं. त्या दिवशी मी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी स्वानंदीचा फोन आला तो जिन्यातून. आवाज घुमत होता. रविवारपर्यंत खोली रिकामी कर, असं त्यांनी तिला सांगितलं होतं.

"रीमावहिनीच्या मैत्रिणीकडे एक खोली होती, ताई. करारासकट. परवा बघायला जाणार होतो आम्ही. आता वहिनी माझ्याशी बोलत नाहीये."

"मग मला सांगायचंस न आधी."

"तुला सांगितलं की तू काहीतरी करतेस. आता काही करू नकोस. प्लीज."

मी तरी केलंच. हॉस्टेलला मेल केला. फेब्रुवारीपर्यंत जागा नाही. विमानाची तिकिटंही बघितली, आणि मग नुसती बघतच बसले. सिद्धेशच्या व्हिसाची मुदतवाढ अजून आलेली नाही, आणि माझी त्याच्यावरच टांगलेली. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का कधीच संपलाय. बाहेर पडले तर परत आत यायला वकिलातीत मुलाखत, तिची तारीख कित्येक महिने पुढची. रुही आठ महिन्यांची, अंगावर पिते, तिचा पासपोर्ट यायचाय. आईबाबांनी तर पासपोर्टच काढलेला नाही. एकेक दार हलवून पाहिलं. शेवटी सिद्धेशने संग्रामला फोन लावला. त्याने उचलला नाही. सिद्धेश बराच वेळ फोन हातात धरून उभा राहिला. त्याच्यावर चिडायचं होतं, पण तेवढं त्राण नव्हतं.

रविवार झाला. रविवारी संध्याकाळी मेसेज आला: एका मैत्रिणीकडे आहे, ठीक आहे. मैत्रिणीचं नाव विचारलं, उत्तर नाही. खोलीचा फोटो पाठव म्हटलं, त्यावर अंगठा आला.

पण तिचा निळा ठिपका माझ्या फोनवर अजून दिसतो. ती तिथे पोचली त्या दिवशी मीच लोकेशन शेअरिंग चालू करायला लावलं होतं. बंद करायला विसरली असेल, किंवा मुद्दाम ठेवलं असेल. रविवारी दुपारपासून ठिपका लाँड्रीत होता; रात्री तिचा फोन बंद होतो, तेव्हा ठिपका दिसत नाही. काल सोमवारी तिथे सणाची सुट्टी, कचेऱ्या-लायब्ऱ्या सगळ्या बंद. सकाळपासून पुन्हा तिथेच. आजही. मोठी बॅग घेऊन बसलेलं माणूस लाँड्रीत कुणाला खटकत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आज मंगळवार, नऊ तारीख. मध्ये एक दिवस. ओळखपत्राचं काय व्हायचं ते होईल. ती झोपते कुठे, ते मला माहीत नाही.

काही करू नकोस असं तिने सांगितलंय, आणि मी हे लिहून दिसेल त्या मराठी ग्रुपवर टाकते आहे. तुम्ही व्हॅलेन्सियात असाल, किंवा तुमचं कुणी असेल, तर बेनिमाक्लेत भागातल्या ट्राम थांब्यावर उतरा. शाळेच्या भिंतीला लागून डावीकडे वळलं की निळ्या शटरची लाँड्री आहे. मरून रंगाचं जॅकेट, उजव्या भुवईवर व्रण, आणि पायाशी मोठी बॅग. मी ठीक आहे म्हणेल ती. लगेच मानू नका. जेवलीस का विचारा, काल रात्री कुठे होतीस विचारा, थोडा वेळ शेजारी बसा. मला नाही कळवलंत तरी चालेल. पण जाऊन तिला एकदा बघून या.