पाच नंबरची पावलं

दुकानदाराच्या घरी दिलेल्या बाईले कायची कमी असन, असं साऱ्या देवळी गावाले वाटते. मलेही वाटलं होतं. रोहण्याहून मी नवरी होऊन आली तवा माह्या मैतरणी जळून खाक झाल्या होत्या. बाजारात भर रस्त्यावर दुकान, एका बाजूनं कापड, एका बाजूनं चपला! त्या बह्याडींले काय माहीत, दुकानदाराच्या घरात माल येते कोणता? जो विकल्या जात नाई थो. ज्या पातळाचा रंग उन्हानं उडाला थे माह्या अंगावर. ज्या चादरीले उंदरानं तोंड लावलं थे माह्या पलंगावर. अन् चपला? सात नंबर, आठ नंबर, ज्या कोण्या बाईच्या पायात बसत नाईत अन् दोन-दोन वर्षं खोक्यात पडून राहतेत, त्या माह्या. पुढे कापूस कोंबा अन् चाला. आपल्याकडे कापसाले काय तोटा?

अठ्ठावीस वर्षं मी अशी चालली. बोटं दाबून-दाबून चप्पल धरायची, नाई त थे पायाच्या आधी पुढे जाय. त्यानं अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलं. मी कुरकुर केली नाई असं नाई, मी काही गाय नाई. पण हे म्हणत, "घरात माल पडून असताना विकत घेते काय कोणी?" हे म्हणजे पुंडलिकराव, आमचे मालक.

आता गंमत ऐका. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यातले माणसं बायकोसाठी चप्पल घ्याले येत. बायको वावरात, मंग माप कसं सांगणार? थे बायकोच्या पायाएवढी तुराटीची काडी मोडून खिशात घेऊन येत. आमचे हे काडी हातात घेत, एक डोळा बारीक करत अन् सांगत, "चार नंबर. टाच जाड आहे काय बाईची?" थो माणूस तोंड वासून पाहे. चप्पल कधी वापस आली नाई. काडी पाहून बाई ओळखणारा माणूस, अन् माह्या पायाकडे कधी त्याची नजर गेली नाई.

पोराचं, धीरजचं, लग्न झालं. सून गुंजन, नालवाडीची, बी.कॉम. झालेली. धीरज वर्ध्याले नोकरीले, मोटरसायकलनं येजा करे. २००७ साली त्यानं घरात कम्प्युटर आणला अन् फोनच्या तारेतून इंटरनेट घेतलं. गुंजनचा जीव त्या वायरीत. बँकेच्या परीक्षेचे फॉर्म ती तेथूनच भरे, तेथूनच सराव करे. अन् तेथूनच धीरजच्या कार्डावर एखादी वस्तू मागवे. पोस्टमन खोकं घेऊन साऱ्या बाजारातून मिरवत येई अन् आमच्याच दुकानात उभा राहून विचारे, "गुंजनताईचं पार्सल कोठं देऊ?"

ह्यायचं डोकं सणकलं. त्या दिवाळीले, लक्ष्मीपूजन झाल्याबरोबर, ह्यायनं एक लाल वही माह्या हातात देली. "धीरजची माय, तू लिहिजो. इंटरनेटवरून घरात सालभरात कितीचा माल आला, एकेक रुपया. पुढच्या लक्ष्मीपूजनाले बेरीज वाचू. दहा हजाराच्या वर एक रुपया जरी गेला," अन् कापडाची मोठी कात्री उचलून दाखवली, "त वायर कापून टाकीन. दुकानदाराच्या घरात बाहेरचा माल! लोकं हसून राह्यले."

मी ह्यायच्याच बाजूनं होती, खोटं काऊन बोलू? मले वाटे, बरी जिरन सुनेची. म्हणून मी मन लावून लिहाले लागली. आमच्याकडे वहीत माणसाच्या नावासमोर गाव लिहितेत, तशी पद्धत आहे. मंग मी गुंजनले विचारे, "हे घड्याळ कोणत्या गावचं?"

"बंगलोरहून आलं आई."

मी लिहे, धीरजचं घड्याळ, आठशे पन्नास, बंगलोर. मिक्सरचं भांडं, मद्रास. पडदे, सुरत. तीन-चार महिन्यांत माह्या वहीत असे गावं जमा झाले की जे मी नकाशातही पाह्यले नव्हते. माह्या जन्मात मी वर्ध्याच्या पुढे नागपूर पाह्यलं, तेही दवाखान्यासाठी. अन् इथं बसल्याजागी बंगलोर मले माल पाठवून राह्यलं! मी रात्रंदिवस त्याच इचारात. ज्यानं कधी देवळी पाह्यली नाई, त्यानं आपलं घर शोधलं तरी कसं?

पोळा होऊन गेला होता. दुपारी हे दुकानात, मी वही घेऊन गुंजनजवळ बसली. ती म्हणे, "आई, तुम्ही नुसतं लिहिता. एखाद्या दिवशी पाहा त खरं."

"मले काय पाहायचं त्यात?"

"काय आवडते तुम्हाले?"

अठ्ठावीस वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. मी माह्या पायाकडे पाह्यलं, अन् पोरगी समजली. तिनं काहीतरी टकटक केलं.

अगं माय! चपला. काळ्या, तांबड्या, बदामी, पट्ट्याच्या, बिनपट्ट्याच्या. ती पान खाली सरकवे अन् आणखी चपला येत. मी म्हटलं, आता संपन, आता संपन. नाई संपल्या. आमच्या दुकानात ह्यायच्या बापाच्या काळापासून जेवढ्या चपला येऊन गेल्या असतील त्याहून जास्त चपला माह्या पुढे सरकून राह्यल्या होत्या, अन् त्यातली एकही उरलेली नव्हती. मी पदर डोक्यावर घेतला, देवळात घेतो तसा. गुंजन हसली, पण मी काही गंमत करून नव्हती राह्यली.

तासभर लागला मले. शेवटी एक बदामी रंगाची बोटानं दाखवली, साधीच, मऊ तळाची. सहाशे पंच्याण्णव रुपये. "नंबर?" गुंजननं विचारलं.

"सात. नाई त आठ."

"आई, तुमचा पाय केवढासा आहे. खरा नंबर सांगा."

खरा नंबर मलेच माहीत नव्हता. चपलेच्या दुकानाची मालकीण! गुंजननं प्रिंटरचा एक कोरा कागद भुईवर ठेवला, मले त्यावर उभं केलं अन् पेन्सिल फिरवली. गुदगुल्या झाल्या, मी पोरीसारखी हसली. दोन्ही पायांची चित्रं निघाली. तिनं पट्टीनं मोजलं अन् म्हणे, "पाच."

वहीत तवा आठ हजार नऊशे झाले होते. म्हटलं, माह्या चपलीनं काही दहा हजार होत नाईत. अन् कागद फेकाले जीव झाला नाई, स्वतःचेच पाय थे. वहीच्या मागच्या पानात घालून ठेवला.

मंग गुंजननं आणखी एक चमत्कार दाखवला. खोकं कोठवर आलं थे त्या कम्प्युटरात दिसे! काल दिल्लीले होतं, आज नागपूरले. मी सकाळी उठून पैले देवाचं करे अन् मंग गुंजनले विचारे, "कोठं पोचली व माही चप्पल?" नवव्या दिवशी पोस्टमन आला. नशीब, हे जेवाले घरात होते अन् झोप लागली होती. खोक्यावर लिहिलं होतं, सौ. कोकिळा पुंडलिकराव, देवळी, जिल्हा वर्धा. मले सारे धीरजची माय म्हणतेत. माह्यासाठी दिल्लीहून माह्या नावानं माल आला! मी खोकं किती वेळ उघडलंच नाई. मंग चप्पल घातली अन् चालली. कापूस नाई, बोटं दाबणं नाई. पाय कोठं संपला अन् चप्पल कोठं सुरू झाली थे समजेना. अंगणातून गच्चीवर, गच्चीवरून अंगणात, मी फिरतच राह्यली अन् रडतही राह्यली. कायचं रडू होतं, देव जाणे.

वहीत लिहिलं, चप्पल एक जोड, सहाशे पंच्याण्णव, दिल्ली, स्वतःसाठी.

अन् मंग घात झाला. दिवाळीच्या आठ दिवस आधी बँकेच्या परीक्षेचं पुस्तक मागवणं भागच पडलं. सातशे दहा रुपये. मी बेरीज केली. दहा हजार तीनशे पाच. चार वेळा केली, तेवढीच.

गुंजनचा चेहरा उतरला. जानेवारीत तिची परीक्षा होती. मले म्हणे, "आई, तुमची चप्पल खोडून टाका नं. नऊ हजार सहाशे दहा होतील. बाबाले कोठं माहीत आहे? वही तुमच्याच हाती आहे."

खरं सांगते, पेन हातात घेतला होता. चप्पल मी लपवूनच घाले. कोणाले समजलं असतं? पण ज्या घरात खाडाखोड केलेली वही लक्ष्मीपुढे ठेवत नाईत, त्या घरात अठ्ठावीस वर्षं काढलेली मी. आणि दुसरंही होतं. जन्मात एकदा स्वतःसाठी काही घेतलं, थेही खोडू? मी पेन ठेवून देला. "होईन थे होईन," म्हटलं. गुंजन त्या रात्री जेवली नाई.

लक्ष्मीपूजनाले चौरंगावर दुकानाच्या साऱ्या वह्या ठेवल्या. तराजू, मीटरपट्टी, कात्री, हत्यारांचीही पूजा होते आमच्याकडे. लाल वहीही ह्यायनं मागून घेतली. ती सरळ करताना त्यातून कागद घसरला अन् चौरंगावर पडला. कागदच विसरली होती मी!

ह्यायनं चष्मा वर केला अन् तोंडभर हसले. "वा! सूनबाईनं लक्ष्मीची पावलं काढली. बेस्ट." मी काही म्हणायच्या आत कागद कलशापुढे ठेवला, दोन्ही पावलांवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. अन् कपाळ टेकवलं. माह्या पायावर! गुंजननं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. आरती सुरू झाली, मंग बोलता कसं येईन? मी टाळ्या वाजवत मनातल्या मनात देवीची माफी मागत होती, माय, तुह्या जागेवर मी आली, माह्या मनात नव्हतं.

आरती झाली. हे बसले अन् कागद निरखाले लागले. "सूनबाई, पावलं सुरेख आहेत. पण लक्ष्मीचा अंगठा असा वाकडा काऊन काढला? अन् हे हाड?"

गुंजननं माह्याकडे पाह्यलं. ह्यायनं लाल वही उघडली. बोट खाली सरकत गेलं अन् थांबलं. "दहा हजार तीनशे पाच." मंग पुन्हा वर गेलं. "चप्पल, स्वतःसाठी. स्वतः म्हणजे कोण?"

"मी," मी म्हटलं. "अन् थे पावलंही माहेच आहेत. माप घेतलं होतं. सुनेची काही चूक नाई, वायर माह्या चपलीनं कापल्या जाऊन राह्यली, तिच्यानं नाई. अन् हाड काऊन आलं विचारता? सात नंबरच्या चपला बोटानं धरून-धरून आलं. अठ्ठावीस वर्षं. तुम्ही साऱ्या तालुक्याच्या बायकांचे पाय ओळखता अन् माहा नंबर तुम्हाले माहीत नाई!"

एवढं मी कधी बोलली नव्हती. धीरज हातातला प्रसाद तसाच धरून बसला होता. ह्यायनं कागदावरचं फूल बाजूले केलं. काडी पाहतेत तसा एक डोळा बारीक केला, अन् पाहतच राह्यले. मले वाटलं, बोट फिरवून राह्यले त्या पेन्सिलीच्या रेघेवर.

"पाच," अगदी हळू म्हणाले. "मी पाह्यलं असतं त मलेही पाचच दिसलं असतं." अन् ह्यायचे डोळे भरले. माह्या नवऱ्याच्या डोळ्यात मी पाणी पाह्यलं थे ह्यायचा बाप गेला तवा अन् थे आज.

मंग ह्यायनं कात्री उचलली. गुंजननं वायरीकडे पाह्यलं अन् मान खाली घातली. पण ह्यायनं कागद हातात घेतला. रेघेवरून सावकाश, कापड कापतेत त्याहून सावकाश, कात्री फिरवली. अंगठ्याजवळच्या हाडाशी पोचले तवा थांबले अन् तेवढंही बरोबर गोल कापलं. दोन पावलं वेगळी निघाली, कुंकवासकट. कात्री वापस चौरंगावर ठेवली, वायरीकडे पाह्यलंही नाई.

नवी वही उघडली. श्री लिहिलं. पहिल्या ओळीवर दरवर्षी वर्ध्याच्या ठोक व्यापाऱ्याचं नाव असते, ह्यायच्या बापापासून. त्या ओळीवर ह्यायनं लिहिलं, सौ. कोकिळा. मंग पद्धतीप्रमाणं गाव, देवळी. अन् त्यापुढे, पाच नंबर. मंग दोन्ही पावलं त्या पानात ठेवली.

हात जोडावे की काय करावं, समजत नव्हतं. हे वही मिटाले लागले तशी मी म्हटलं, "अवो, शाई वाळू द्या पैले."