तीन चोर आणि न झालेली चोरी

बेकरीची पावाची गाडी तो अशी पळवायचा की सगळे त्याला ‘वारा’च म्हणत. गेले काही महिने मात्र या वाऱ्याची पार गोगलगाय झाली होती. खड्डा दिसला की स्वारी खाली उतरणार, खड्डा निरखणार आणि मग वळसा घालून जाणार. पावाची वाट बघून दुकानदार कातावले. बेकरीवाल्याने तर बैलगाडी घेऊन देऊ का, असंही विचारलं.

खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला दिवस गेले होते, तेव्हा ती शेजारी बसलेली असताना त्याने गाडी खड्ड्यात दाणकन आदळली होती. पुढच्याच आठवड्यात गर्भपात झाला. तेव्हापासून त्याचं मन त्याला खात होतं.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि त्याच्या आईसकट तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसले होते. मागच्या वेळी कशामुळे झालं, असं बायकोने विचारायचा अवकाश, त्याच्या तोंडून निघून गेलं, “माझ्यामुळे. मी गाडी आदळली.”

“गाडी कसली,” बायको म्हणाली. “तुम्ही नको म्हणालात तरी मी एकटीने कपाट सरकवलं होतं.”

“गप्प बसा दोघं,” आई म्हणाली. “आदल्या दिवशी मी हिला नको नको ते बोलले. माझीच जीभ काळी.”

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. “चोरी झालीच नाही आणि चोर तीन हजर,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी नीट समजावलं. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ पडतो तो बहुतेकदा त्याची घडणच मुळात जुळलेली नसते म्हणून, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. कधी थायरॉइड, कधी साखर, कधी गर्भाशयाची अडचण असते, पण तिच्या तपासण्यांत तसं काहीच निघालं नव्हतं. गाडीचा एवढातेवढा हिसका, एखादं कपाट किंवा घरातली भांडणं यांनी गर्भ पडत नाही. शिवाय एकदा पडला म्हणजे पुढचाही पडेल, असं मुळीच नाही.

आधी आईला हसू फुटलं, मग बायकोला. त्याला मात्र हसता हसता रडू आलं. एका घरात राहून तिघांनी एकच ओझं एकमेकांपासून लपवलं होतं. मग त्यांना बाळाचे ठोके ऐकवले, तेव्हा आई म्हणाली, हे तर बापाच्याही पुढे पळतंय.

परतताना पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीने बसले. खड्डा दिसला. सवयीने त्याचा हात दाराकडे गेला.

“उतरलात तर गाडी मी चालवेन,” बायको म्हणाली. “भूक लागलीय.”

त्याने दार सोडलं, गिअर टाकला आणि गाडी सरळ पुढे नेली. गाडी उडाली, मागचे ट्रे खडखडले आणि सगळ्यांत मोठ्याने बायको हसली.