तक्त्याच्या डोक्यावरची टीप

सांख्यिकी कार्यालयात दर महिन्याला सरकारी खर्चाचा तक्ता काढायचं काम तिच्याकडे होतं. सरकारने पगारांवर किती, रस्त्यांवर किती, इमारतींवर किती खर्च केला, त्यावरून बँका, व्यापारी आणि वर्तमानपत्रवाले देशाच्या अर्थव्यवस्थेची नाडी पाहत. बारा वर्षांत तिचा तक्ता एकदाही चुकला नव्हता. कार्यालयात सगळे तिला आकडेताई म्हणत, आणि तिला ते आवडायचंही.

त्या महिन्यात बांधकामाचा आकडा एक तृतीयांशाने घसरला. तिने बेरीज तीनदा तपासली. बरोबर होती.

संचालकांनी कागद बघून चष्मा काढला. "सरकारने हात आखडता घेतलाय. परवा सकाळी अकराला जाहीर करून टाका."

संध्याकाळी ती घरी आली, तर नवरा गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसला होता. तो काँक्रीटचा मिक्सर चालवायचा.

"आजही सहा फेऱ्या," तो म्हणाला. "शाळेची इमारत, पूल, परत शाळा. पाठीचा पार भुगा झालाय."

"ही कामं कुणाची?"

"सरकारचीच की. दुसऱ्या कामाला गाडी द्यायला मालकाला सवड कुठाय?"

तिने हातातला कप खाली ठेवला. "माझ्या तक्त्यात तर तू घरी बसलायस."

"मग तुझ्या तक्त्याला म्हणावं, जरा माझी पाठ दाबून दे."

ती हसली खरी, पण तिला काही चैन पडेना. सकाळी ती कार्यालयाऐवजी थेट बांधकाम खात्यात गेली. तिथल्या हेडक्लार्कशी ती बारा वर्षं फक्त फोनवर बोलत आली होती. त्या भारदस्त आवाजाचा माणूस तिच्या खांद्याएवढा निघाला, आणि त्यांनाही तिच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य कळलं.

"सगळ्यांचं असंच होतं," ते म्हणाले. "बसा, ताई. आकडा बरोबर आहे. पैसे तेवढेच दिलेत. पण यंदा नवा नियम आलाय. नव्या कामांची बिलं दर महिन्याला भागवायची नाहीत, तीन महिन्यांची एकदम. कामं जोरात चाललीयत, बिलं मात्र इथे." त्यांनी मागचं कपाट उघडलं. गठ्ठे वरपर्यंत रचलेले होते.

"मग कळवलं का नाही?"

"तुमच्या फॉर्मात 'दिलेली रक्कम' एवढाच रकाना आहे. बाकीचं कुठे लिहू?"

फॉर्म तिनेच बनवला होता. दोघांनी मिळून दुपारपर्यंत गठ्ठे मोजले. ती बिलं धरली, तर बांधकाम घटलं नव्हतंच. उलट थोडं वाढलं होतं.

"एक तळटीप टाकते, सर," कार्यालयात परतून सगळं सांगितल्यावर ती संचालकांना म्हणाली.

"तळटीप कोण वाचतं, बाई?"

"नसेल वाचत. पण उद्या लोक मंदी आली म्हणून धास्तावतील, आणि तिकडे कामाला माणसं पुरत नाहीयेत."

संचालकांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला. "गठ्ठे तुम्ही स्वतः बघितले?"

"हाताने मोजले."

"मग टाका. ठळक अक्षरात, आणि तळाला नको, तक्त्याच्या डोक्यावर."

"तळटीप डोक्यावर कशी, सर?"

"उद्यापुरती चालेल."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन आला, मग लागोपाठ सात. संध्याकाळच्या बातमीत मथळा होता: 'सरकारी कामे जोरात, बिले रखडली'. मंदीचं कुणी नावही काढलं नाही. कंत्राटदारांना तीन महिने का थांबवायचं, असा प्रश्न वरपर्यंत गेला आणि पंधरवड्यात तो नियम गुंडाळला गेला.

संचालकांनी तिला दर महिन्याला एका खात्यात स्वतः जाऊन यायची मंजुरी दिली, प्रवासभत्त्यासकट. पुढच्या सोमवारी तिने पाटबंधारे खात्याला फोन लावला.

"तुम्ही खरंच येणार?" पलीकडच्या बाईंनी विचारलं. "मग चारच्या आत या. चारनंतर कॅन्टीनचा चहा पिण्यासारखा राहत नाही."

ती साडेतीनलाच पोचली.